दोन गाण्यांच्या मधलं वादन

ऱ्होड आयलंड राज्यातल्या ब्रिस्टल गावात अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन १७८५ पासून साजरा होत आला आहे. ४ जुलैची परेड ज्या रस्त्यानं जाते त्याच्या मधोमध लाल, पांढरा आणि निळा पट्टा वर्षभर रंगवलेला असतो. परेडच्या दिवशी लोक घडीच्या खुर्च्या घेऊन सकाळपासून जागा धरतात. अग्निशमन दलाच्या गाड्या, शाळांचे बँड, जुने सैनिक, सजवलेले ट्रक असं एकेक पुढे सरकत असतं आणि मधेच लांबून ब्रास वाद्यांचा लखलखीत आवाज येतो. ड्रम कोर आला. लोक उठून उभे राहतात, टाळ्या वाजवतात, गाणं वाजवत पथक समोरून निघून जातं. गाणं संपलं की बरेच जण पुन्हा खुर्चीत टेकतात. त्यांच्या लेखी आता मधला रिकामा वेळ सुरू झालेला असतो.

मला त्या वेळाबद्दलच लिहायचं आहे. गाणं संपताच ब्रासवाले वाद्यं खाली घेतात, कारण तासभर चालत फुंकायचं तर ओठांना उसंत हवी. ढोलवाल्यांना उसंत नसते. गाण्याचा शेवटचा सूर विरायच्या आत मधला स्नेअरवाला काठ्या उचलतो आणि नुसतं ढोलांचं वादन सुरू होतं. याला तिथे कॅडन्स म्हणतात, कुणी स्ट्रीट बीट म्हणतं. पुढचं गाणं सुरू होईपर्यंत तोच ठेका फिरत राहतो आणि दीडशे माणसांचे पाय त्यावर पडत राहतात. गाणी बदलतात, दर वर्षी नवी येतात. पथक चालतं ते या ठेक्यावर. तो काढून टाकला तर उरते ती एकाच रंगाचे कपडे घातलेल्यांची गर्दी.

ड्रम कोर म्हणजे मुळात ब्रास, ढोल आणि झेंडे घेऊन नाचणाऱ्यांचं पथक. सनई-क्लॅरिनेटच्या जातीची वाद्यं यात नसतात. शाळा-कॉलेजच्या मार्चिंग बँडपेक्षा ते वेगळं असतं ते तिथे. ढोलांचे तीन ताफे असतात. स्नेअर, म्हणजे आपल्याकडे शाळेच्या बँडात ज्याला साइड ड्रम म्हणतात तो, खालच्या पडद्याला तारा ताणलेला, करकरीत बोलणारा. टेनर, एकाच माणसाच्या पोटापुढे बसवलेले चार ते सहा छोटे ढोल. आणि बास ड्रम, लहानापासून मोठ्यापर्यंत साधारण पाच, प्रत्येक वेगळ्या माणसाच्या छातीवर. त्यांच्या जोडीला काही पथकांत झांजवालेही असतात.

या बास ड्रमवाल्यांचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. एखाद्या उतरत्या ओळीत मात्रेला चार ठोके असतील, तर ते चार ठोके चार माणसांनी वाजवायचे असतात, प्रत्येकानं एकच. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सेकंदाला आठ ठोके होतात. म्हणजे शेजाऱ्याचा ठोका संपल्यावर सेकंदाच्या आठव्या भागात आपला ठोका पडला पाहिजे, तोही चालता चालता. शेजाऱ्याचा ऐकून मग वाजवायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. प्रत्येकाच्या डोक्यात अख्खी ओळ फिरत असावी लागते आणि त्यातला आपला एक ठोका तेवढा हातातून बाहेर पडतो. एक जण चुकला की ओळीत भोक पडतं आणि ते रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोरालाही कळतं.

ठेक्याची रचना साधी दिसते. ठराविक मात्रांची ओळ, शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून, कारण पुढचा ट्रक अडकला तर किती वेळ वाजवावं लागेल ते कुणालाच ठाऊक नसतं. डावा पाय समेवर. पथक जागीच खोळंबलं तर कदमताल करायचा, पण ठेका तोडायचा नाही. पुढचं गाणं घ्यायचं ठरलं की ड्रम मेजर खूण करतो आणि फिरत्या ठेक्याची जागा रोल-ऑफ घेतो. ही काही मात्रांची ठरलेली उठाण असते. ती ऐकली की ब्रासवाल्यांना न सांगता कळतं, वाद्यं वर घ्यायची आणि अमुक पावलावर फुंकायचं. चर्च लागलं, इस्पितळ लागलं, बिथरणारे घोडे दिसले, तर ढोलाच्या पडद्याऐवजी कडेवर नुसती टिकटिक. एकटा स्नेअरवालाच कडेवर टकटक करतो आणि तेवढ्यावर अख्खं पथक पुढे सरकतं. मला स्वतःला ती टकटक सगळ्यात आवडते. तिच्यात संगीत जवळजवळ उरलेलं नसतं, तरी पाय एकाच वेळी पडत असतात.

यातली खरी अडचण आवाजाच्या वेगाची आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पथक १०० मीटर लांब पसरलं असेल तर पहिल्या रांगेतला ठोका शेवटच्या रांगेत पोचायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. १२० च्या चालीत एक पाऊल अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे ढोल टोकाला ठेवले आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे कानाला पडेल त्यावर चालला, तर दुसऱ्या टोकाचा माणूस अर्ध्या पावलाहून जास्त मागे पडेल. वरून पाहिलं तर रांगांमधून लाट गेल्यासारखी दिसेल. यावर जुन्या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे ढोल मध्यावर ठेवणं. मग पुढच्यांना मागून ऐकू येतं, मागच्यांना पुढून, आणि चूक निम्म्यावर येते. उरलेली चूक डोळ्यांनी भरून काढायची, शेजारच्या रांगेच्या टाचांवर लक्ष ठेवून. ढोलवाल्यांना आणखी एक पथ्य असतं. प्रेक्षकांच्या टाळ्या ऐकायच्या नाहीत. टाळ्या नेहमी उशिरा येतात आणि त्यांच्याकडे कान गेला की लय ढिली पडते. उतारावर उलटं होतं, पाय आपोआप पळू लागतात आणि हात त्यांच्या मागे. चांगला मधला स्नेअरवाला अशा वेळी जोरात वाजवत नाही. तो ठोके कमी करतो, मोकळे करतो आणि पायांना वाट पाहायला लावतो.

हे सगळं युद्धातून आलं आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याला कवायत शिकवायला फ्रिडरिक फॉन स्टॉयबेन हा प्रशियन अधिकारी १७७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत आला. त्यानं तयार केलेली नियमावली १७७९ मध्ये निघाली. तिच्यात पाऊल दोन फुटांचं आहे, साधी चाल मिनिटाला सुमारे ७५ पावलांची आणि जलद चाल सुमारे १२० ची. सैनिक एकमेकांना खेटून उभे राहून गोळ्या झाडत होते. पाऊल चुकलं तर रांग फुटायची, आणि रांग फुटली तर शत्रूच्या संगिनी आत शिरायच्या. त्यामुळे ढोल हे सैन्याचं बोलणं होतं. उठायचं केव्हा, जमायचं केव्हा, तंबू मोडायचे केव्हा, रात्री दिवे मालवायचे केव्हा, प्रत्येकाचं वेगळं वादन. १८१२ मध्ये चार्ल्स स्टुअर्ट अ‍ॅशवर्थ यानं ढोलवादनाचं पुस्तक छापलं. यादवी युद्धाच्या काळात, १८६२ मध्ये, ब्रूस आणि एमेट यांचं ढोल आणि बासरीवाल्यांसाठीचं पुस्तक आलं. पुढे बंदुका लांबवर मारू लागल्या, सैनिक विखरून लढू लागले आणि रणांगणावर ढोलाची जागा बिगुलानं घेतली.

ढोलवाले घरी परतले. त्यांचा सराव मात्र गेला नाही. न्यू इंग्लंडच्या गावांत त्यांनी पथकं उभी केली. कनेक्टिकटमधलं मूडस गावचं पथक १८६० पासूनचं आहे, आणि तिथल्या ढोल-बासरीवाल्यांची राज्य संघटना १८८५ मध्ये स्थापन झाली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखाशाखांतून ढोल-बिगुलाची पथकं निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर चर्च, स्काउट आणि सैनिकांचे क्लब यांनी वस्तीतल्या पोरांची पथकं काढली. शिकागोचे कॅव्हेलियर्स १९४८ मध्ये एका स्काउट तुकडीतून सुरू झाले. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्डचे ब्लू डेव्हिल्स आणि वायोमिंगमधल्या कॅस्परचे ट्रूपर्स हे दोघंही १९५७ चे.

सैन्याचा जुना ढोल अजून वाजताना पाहायचा असेल तर जुलैच्या तिसऱ्या शनिवारी कनेक्टिकट नदीकाठच्या डीप रिव्हर गावात जावं. १९५३ पासून तिथे जुन्या धाटणीच्या ढोल-बासरीवाल्यांचा मेळा भरतो. एरवी शांत असलेल्या मेन स्ट्रीटवरून एकामागून एक पथकं चालत मैदानाकडे जातात. त्यांचे ढोल लाकडी खोडाचे, मोठे, दोरीनं आवळलेले असतात. कातड्याच्या पट्ट्या खाली सरकवल्या की दोरी ताणली जाते, आपल्या ढोलकीच्या वाद्या ओढाव्यात तशी. आवाज खोल आणि पसरट. चाल आजच्या ड्रम कोरपेक्षा निवांत. काठ्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत वर जातात आणि तिथे क्षणभर थांबल्यासारख्या दिसतात. हा दिखावा नाही. काठी किती वर गेली त्यावरून लांबच्या माणसालाही लय दिसते, ऐकू येण्याच्या आधी.

तिथे ढोल कमरेला कसा लटकतो ते नीट पाहावं. पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ढोल डाव्या मांडीशी तिरपा पडतो. चालताना डावा गुडघा त्याला लागू नये म्हणून ही सोय. ढोल तिरपा असल्यामुळे डाव्या हाताला वरून काठी मारता येत नाही, कोपर हवेत उचलावं लागतं. म्हणून डावा हात तळवा वर करून, काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरून वाजवतो आणि उजवा नेहमीसारखा वरून. आज ड्रम कोरमधले स्नेअर छातीशी आडव्या बसवलेल्या कडक चौकटीवर अगदी सपाट असतात. तिरप्या ढोलासाठीची ती पकड आता गरजेची नाही. तरीही बहुतेक नामांकित पथकांत डावा हात अजून तळवा वर करूनच वाजवतो. आपल्याकडच्या शाळेच्या बँडात ज्यांनी साइड ड्रम मांडीशी आपटत १५ ऑगस्टला मैदानाला फेऱ्या घातल्या असतील, त्यांच्या डाव्या मनगटाला ही पकड आठवेल. आपल्याकडे ती ब्रिटिश पलटणींबरोबर आली. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात होणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘ड्रमर्स कॉल’ वाजतो, तोही त्याच घराण्यातला.

मैदानावरचे कार्यक्रम आटोपले की डीप रिव्हरला एक सुंदर गोष्ट होते. वेगवेगळ्या पथकांची माणसं एकमेकांत मिसळून गोल करतात आणि वाजवू लागतात. आदल्या क्षणापर्यंत एकमेकांना न ओळखणारी, निरनिराळ्या राज्यांतली माणसं. हे शक्य होतं ते ढोलाच्या बाराखडीमुळे. उजव्या हाताचे दोन, डाव्याचे दोन, सावकाश सुरू करून इतके जलद न्यायचे की एकच सलग घरघर व्हावी, आणि पुन्हा तितकंच सावकाश उतरायचं. हा लाँग रोल, सगळ्यांचा पहिला धडा. मग फ्लॅम, ड्रॅग, पॅराडिडल, रॅटामाक्यू. ही नावंच वाजवून दाखवतात, तबल्याच्या बोलांसारखी. १९३३ मध्ये शिकागोत लीजनच्या अधिवेशनाच्या निमित्तानं जमलेल्या ढोलवाल्यांनी यातले १३ बोल सगळ्यांना यायलाच हवेत असं ठरवलं. पुढे ते २६ झाले, १९८४ पासूनच्या यादीत ४० आहेत. कॅडन्स कुणीही लिहो, त्याची अक्षरं हीच.

हेच ढोल सावकाश वाजवले की काय होतं ते अमेरिकेनं नोव्हेंबर १९६३ मध्ये ऐकलं. अध्यक्ष केनेडी यांची शवपेटी तोफेच्या गाड्यावरून नेली तेव्हा बरोबर आवाज दाबलेले ढोल होते. तारा सैल केलेल्या, पडद्याचा झणत्कार काढून घेतलेला. ध्वनिमुद्रणात घोड्यांच्या टापा आणि तो ठेका यांखेरीज फारसं काही ऐकू येत नाही. एरवी पायांत बळ भरणारं तेच वादन तिथे लाखोंच्या जमावाला गप्प उभं करत होतं. त्यासाठी नवं काही रचलं नव्हतं. ठोके तेच, त्यांच्यामधलं अंतर वाढवलेलं.

ढोल नसतील तर गळा आहेच. मे १९४४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फोर्ट स्लोकम छावणीत दमूनभागून बराकींकडे परतणाऱ्या तुकडीत विली ली डकवर्थ या जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय सैनिकानं चालीवर गायला सुरुवात केली. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. पाय सरळ झाले, माना वर आल्या. छावणीचे प्रमुख कर्नल बर्नार्ड लेंट्झ यांनी आधीपासूनच सैनिकांनी मोठ्यानं मोजत कवायत करण्याची पद्धत पुरस्कारली होती. त्यांनी डकवर्थचं गाणं उचलून धरलं आणि ते सगळ्या सैन्यात पसरलं. ‘साउंड ऑफ’ या नावानं ते आज ओळखलं जातं. शेतात, रेल्वेच्या रुळांवर एकत्र घण घालताना गाणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची सवाल-जबाबाची रीत त्यात उघड ऐकू येते. ज्या सैन्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, त्या सगळ्या सैन्याची पावलं त्यानंतर एका काळ्या शिपायाच्या लयीवर पडू लागली. ड्रम कोरच्या इतिहासात ही गोष्ट सहसा येत नाही. मला ती यायला हवी असं वाटतं.

आणखी एक प्रसंग ड्रम कोरचा नाही, शाळेच्या बँडचा आहे, पण तो वगळता येत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्रा या सणाच्या मिरवणुका कित्येक मैल चालतात. त्यातली रेक्स ही मानाची मिरवणूक. १९६७ मध्ये सेंट ऑगस्टिन या कृष्णवर्णीय मुलांच्या कॅथलिक शाळेचा बँड एडविन हॅम्प्टन यांच्या हाताखाली त्या मिरवणुकीत चालला. तिथे चालणारा तो पहिला कृष्णवर्णीय बँड. गर्दीतल्या काहींनी शिव्या दिल्या, मुलांच्या अंगावर वस्तू फेकल्या. मुलांनी रांग मोडली नाही. शाळकरी वयाच्या मुलांना हे कसं जमलं याचं उत्तर त्यांच्या शिस्तीत आहे, शिक्षकांवरच्या विश्वासात आहे. आणि ज्यानं कधी पथकात वाजवलं आहे त्याला हेही कळेल, की शेजारचा चालतो आहे आणि ढोल थांबलेला नाही, हे पायांना कळत राहणं ही त्या वेळी केवढी मोठी सोबत असते.

१९७२ नंतर ड्रम कोरचं मन रस्त्यावरून उठलं. त्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला ड्रम कोर इंटरनॅशनल या नव्या संघटनेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. अ‍ॅनाहाइम किंग्जमेन जिंकले. तोपर्यंत स्पर्धांचे नियम माजी सैनिकांच्या संघटना करत, पथकं त्यांच्या कवायतीच्या चौकटीत असत. परीक्षक हातात पाटी घेऊन ढोलवाल्यांच्या अगदी जवळ फिरत आणि प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापत. १९८० च्या दशकात ती पद्धत गेली आणि रचना, रंगमंच, नाट्य यांना गुण मिळू लागले. मुलं आता फुटबॉलच्या मैदानावर वळणावळणाच्या आकृत्या करतात, उलटी धावतात, मिनिटाला १८० आणि त्याहून जास्त मात्रांवर. मैदानाची रुंदी जवळजवळ ४९ मीटर आहे. मागच्या कडेचा ठोका पुढच्या कडेला पोचेपर्यंत १८० च्या लयीतली दोन पंचमांश मात्रा निघून गेलेली असते. म्हणून मुलांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावतात, मागे ऐका. आवाज मागून पुढे जातो, तर पुढच्यांनी मागच्या ढोलांबरोबर वाजवायचं, म्हणजे सगळं प्रेक्षकांपाशी एकत्र पोचतं. रस्त्यावर शिकलेली अक्कल मैदानात अशी कामाला आली.

याच काळात ढोलाचे पडदेही बदलले. बंदुकीची गोळी अडवणाऱ्या जाकिटांत जो धागा असतो त्या केव्हलारचे पडदे आले आणि ढोल इतका ताणता येऊ लागला की काठी दगडावर पडल्यासारखी उसळते. त्यामुळे एका मात्रेत पूर्वी सुचलेच नसते इतके ठोके बसतात, तेही सुटे सुटे. तिथल्या तरुण ढोलवाल्यांची हुकमत थक्क करणारी आहे. ओळीत नऊ जण असले तरी एकच वाजवतो आहे असं वाटतं. मात्र आजच्या पुष्कळ कॅडन्समध्ये मला डावा पाय सापडत नाही. ठोक्यांची गर्दी एवढी होते की चालणारेही मनात मोजत चालतात आणि बघणाऱ्याचे पाय तर हलतच नाहीत. माझी कसोटी जुनी आहे. फुटपाथवरचं चार वर्षांचं पोर त्या ठेक्यावर आपणहून पाय आपटू लागलं पाहिजे. ते नुसतं तोंड उघडं टाकून बघत राहिलं, तर ते वादन कितीही अवघड असो, ते चालण्यासाठी झालेलं नाही.

परेड कमी होण्याची कारणं रोकडी आहेत. मैदानाच्या पुढच्या कडेला आता मरिंबा, व्हायब्राफोन, सिंथेसायझर, ध्वनिक्षेपक यांचा ताफा असतो. तो रस्त्यावर चालू शकत नाही. उन्हाळाभर पथकं रात्री बसमध्ये झोपून गावोगाव फिरतात, दिवसा शाळांच्या जिमखान्यात अंथरुणं टाकतात, उरलेला सगळा वेळ मैदानावर. यात परेडची तालीम कुठे बसवायची? तरीही ४ जुलैला अनेक पथकं रस्त्यावर उतरतात, कधी एकाच दिवशी दोन-तीन गावांत, कारण परेडचं मानधन डिझेलच्या आणि जेवणाच्या खर्चाला हातभार लावतं. त्या दिवशी मुलांना चालत वाजवणं पुन्हा शिकावं लागतं. मैदानावर दर काही पावलांनी दिशा बदलते. रस्त्यावर सरळ चालायचं असतं, उन्हात, तापलेल्या डांबरावर, सुटका नसलेलं. बरीच मुलं सांगतात की शोपेक्षा परेड अवघड. मुलांच्या या पथकांत वयाची मर्यादा २१ ची. त्यानंतर पथक सोडावं लागतं. गणवेश उतरवलेली मंडळी पुढे अनेक वर्षांनी भेटली की मेजावर बोटांनी वाजवतात तो बहुधा स्पर्धेतला शो नसतो. तो त्यांच्या पथकाचा स्ट्रीट बीट असतो, मोठ्यांकडून लहानांकडे आलेला, अनेकदा कागदावर न लिहिलेला.

स्पर्धेच्या संध्याकाळी स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्येही या ठेक्याची ओढ दिसते. ढोलवाले कमान करून उभे राहतात, चाहते चार हातांवर येऊन दाटी करतात. आधी सावकाश, नुसते एका हाताचे आठ, दुसऱ्या हाताचे आठ. कुणी काही बोलत नाही. मधला ‘डट’ असा आवाज काढतो आणि सगळे एका ठोक्यात आत येतात. शेवटी कॅडन्स सुरू होतो आणि उभ्या उभ्याच सगळ्यांच्या टाचा उचलू लागतात.

पुण्याच्या ढोल-ताशा पथकात वाजवलेल्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. पावसाळ्यात मुठेच्या पात्रात संध्याकाळच्या तालमी, पदरमोड करून येणारी पोरं-पोरी, ताशाची काडी सगळ्यांच्या वरून ऐकू यावी म्हणून ताशेवाले कुठे उभे करायचे याचा खल. शंभर ढोलांच्या पथकाला आवाजाच्या वेगाचा तोच प्रश्न पडतो आणि उत्तरही तेच, लय देणारा मध्याजवळ आणि सगळ्यांच्या नजरेत. एक मोठा फरक आहे. आपली मिरवणूक थांबत थांबत जाते. आपलं खरं वादन चौकात, उभं राहून, ढोल उचलून, गोलात होतं. पुढे सरकणं हे दोन चौकांमधलं काम. आपले हात, म्हणजे ठरलेले ठेके, उभ्या माणसासाठी बसवलेले आहेत.

अमेरिकेतल्या मराठी मंडळांची ढोल-ताशा पथकं आता बरीच झाली आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत ती वाजतात, गणेशोत्सवात वाजतात आणि गावच्या परेडमध्येही उतरतात. तिथे त्यांची गाठ पडते ती या फरकाशी. परेडचे स्वयंसेवक पथकाला थांबू देत नाहीत, कारण मागे बँड आणि ट्रक खोळंबतात. मग चौकातलं भारी वादन चालता चालता वाजवावं लागतं, ढोल मांड्यांवर आपटतो, रांगा सुटतात आणि चांगलं तयार झालेलं पथक विस्कळीत दिसतं. अशा पथकांना मला एक सुचवावंसं वाटतं. खास चालण्यासाठी एक साधा हात बसवून घ्या. ढोलावर मात्रेला एकच टिपरू, थापी डाव्या पायावर, ताशानं मधली जागा हलकी भरायची, झांजा उजव्या पायावर. मंचासमोर थोडी मोकळीक मिळाली की ताशानं ठरलेली उठाण घ्यावी आणि तिथे आपला चौकातला हात दणकून वाजवावा. तालमीला मैदान नको, मंडळाच्या हॉलपासून निघून वस्तीला एक लांब फेरी मारा, ढोल बांधून, वळणं घेत, उतारावरून. पहिल्या फेरीत पाय चुकतील ते बहुतेक वळणांवरच. त्या वेळी आतल्या बाजूच्यांनी पाऊल आखूड करायचं, बाहेरच्यांनी लांब, आणि ताशानं मात्र काहीही झालं तरी पळायचं नाही.